दोन जिवांचे औषध

खडवली स्टेशनात उतरून भातसा नदीच्या काठाकडे जाणारी माणसे उन्हाळ्यात बहुधा सहलीला आलेली असतात. पावसाळ्यात मात्र त्याच नदीचे पाणी पाहून काठच्या गावांची झोप उडते. 4 ऑगस्ट 2019 रोजी खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावाला पाण्याने असा वेढा घातला, की हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने तेथील 58 माणसांना बाहेर काढावे लागले. त्याच्या आठवडाभर आधी, 27 जुलैला, कल्याणहून कर्जतकडे फुटणाऱ्या दुसऱ्या रेल्वेमार्गावर, बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती. गाडीत हजारावर उतारू होते आणि त्यांत नऊ गरोदर स्त्रिया होत्या. साऱ्याजणी सुखरूप बाहेर आल्या.

हा नऊचा आकडा मी मुद्दाम सांगितला. संकटात गरोदर स्त्री वेगळी मोजली गेली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण आपण मोजतो ती जिला ठाऊक आहे आणि जी आपणहून सांगते तिला. जिची पाळी चार दिवसांपूर्वीच चुकली आहे, आणि जिने ते अजून नवऱ्यालाही सांगितलेले नाही, ती कुठल्याच मोजणीत येत नाही. आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते प्रतिजैविके, म्हणजे आपण ज्यांना अँटिबायोटिक म्हणतो ती औषधे, आणि गरोदरपण यांविषयी. आणि या विषयातली सर्वांत मोठी अडचण हीच आहे, की औषध देणाऱ्याला पुष्कळदा दुसरा जीव दिसतच नाही.

पूर ओसरला की मागून रोग येतो. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू पाण्यात आणि चिखलात मिसळतात, आणि पायाला एवढीशी जखम असली तरी तेथून शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली. तेव्हापासून पुराच्या पाण्यातून चालावे लागलेल्या माणसांना आधीच एक औषध देण्याची रीत पडली. त्याचे नाव डॉक्सिसायक्लिन. परंतु त्याबरोबरच्या सूचनेत एक ओळ असते: गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांना हे नको, त्यांना त्याऐवजी अ‍ॅझिथ्रोमायसिन द्यावे. ती एक ओळ म्हणजे आजच्या माझ्या भाषणाचे सार आहे. तिच्यात "गरोदर बाईला औषध देऊ नका" असे म्हटलेले नाही. "तिला दुसरे औषध द्या" असे म्हटले आहे. या दोन वाक्यांतला फरक नीट समजला, तर पुष्कळ अनर्थ टळतील.

आता हे दुसरे औषध का, ते पाहू.

पोटातले बाळ वारेतून पोसले जाते. आईने खाल्लेले अन्न वारेतून जाते, तशीच बहुतेक औषधेही जातात. वार म्हणजे काही लोखंडी दरवाजा नव्हे. पण औषध बाळापर्यंत पोचले म्हणजे अपाय झालाच, असेही नव्हे. पेनिसिलिनचे उदाहरण घ्या. 1928 साली अलेक्झांडर फ्लेमिंगला ते बुरशीत सापडले, आणि आपल्याकडे 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघून पुढच्या वर्षी तेथे पेनिसिलिन बनू लागले. हे औषध जंतूच्या अंगाभोवतीचे कवच फोडते. माणसाच्या पेशीला तसे कवचच नसते. म्हणून पेनिसिलिन वारेतून बाळापर्यंत पोचते, पण त्याच्या शरीरात फोडण्याजोगे त्याला काही सापडत नाही. आईला उपदंशाचा, म्हणजे सिफिलिसचा रोग असेल, तर हेच पेनिसिलिन वारेतून जाऊन बाळाचाही रोग बरा करते. उपचार न झाल्यास असे मूल पोटातच दगावू शकते, किंवा रोग घेऊनच जन्माला येते. म्हणून गरोदरपणी रक्त तपासून घेतात. त्यात लाजण्याचे काही कारण नाही.

पेनिसिलिन, त्याच्या कुळातले अ‍ॅमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिनसारखी सेफॅलोस्पोरिन जातीची औषधे, ही गरोदरपणी वर्षानुवर्षे वापरात आहेत आणि ती भरवशाची ठरली आहेत. अर्थात ज्या बाईला पेनिसिलिन सोसत नाही, अंगावर गांधी येतात, दम लागतो, तिने ते आधी सांगितलेच पाहिजे. मग तिच्यासाठी आणखी वेगळे औषध निवडता येते.

उलट काही औषधांनी आपल्याला धडा शिकवला आहे. 1948 साली टेट्रासायक्लिनच्या कुळातले पहिले औषध जगापुढे आले. ज्या प्रयोगशाळेत ते सापडले, तेथील संशोधनाचे प्रमुख आपले आंध्रातले शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. औषध गुणकारी. पण पुढे असे दिसून आले, की त्याला चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, ओढ आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या हिरड्यांत दुधाचे दात घडू लागतात. त्या वेळी हे औषध पोटात गेले, तर ते घडणाऱ्या दातांत आणि हाडांत जाऊन बसते, आणि पुढे मुलाचे दात पिवळट, तपकिरी निघतात. डॉक्सिसायक्लिन याच कुळातले. त्याची कॅल्शियमशी जवळीक कमी आहे आणि अलीकडच्या अनुभवात त्याने जुन्या औषधाइतका त्रास दिलेला दिसत नाही. तरी हाताशी दुसरे चांगले औषध असता ते कशाला द्यायचे, असा साधा विचार आहे.

क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन आईच्या आणि बाळाच्याही कानाच्या शिरेला इजा करू शकते, म्हणून गरोदर स्त्रीला ते देत नाहीत. पण याचा अर्थ क्षयाचे उपचार थांबवावेत असा मुळीच नाही. बाकीची नेहमीची औषधे गरोदरपणीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू ठेवायची असतात. क्षयाचा उपचार मध्येच सोडणे हे आईला आणि बाळाला, दोघांनाही घातक आहे.

1959 साली क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाविषयी असे कळले, की नुकत्याच जन्मलेल्या मुलाचे यकृत ते पचवू शकत नाही. ते अंगात साठत जाते, मूल राखाडी पडते आणि दगावू शकते. सल्फा औषधे बाळंतपणाच्या तोंडावर टाळतात, कारण त्यांनी नवजात मुलाची कावीळ मेंदूपर्यंत जाण्याचा धोका असतो. ट्रायमेथोप्रिम हे औषध फोलिक अ‍ॅसिडच्या कामात अडथळा आणते, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत ते शक्यतो टाळतात. पाहा, एक औषध सुरुवातीला नको, दुसरे मधल्या महिन्यांत नको, तिसरे शेवटी नको. तेव्हा "गरोदरपणी अँटिबायोटिक चालते का?" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणते, कितव्या महिन्यात, किती दिवस आणि कोणत्या आजारासाठी, असे विचारले पाहिजे.

हे सारे ऐकून एखादी भगिनी म्हणेल, "एवढी भानगड असेल, तर न घेतलेलेच बरे." या विचाराने काय होते, ते मी स्वतः पाहिले आहे. नाती आणि खुणा थोड्या बदलून दोन हकिगती सांगते.

2019 च्या पुरानंतर महिनाभराने खडवलीकडचे एक जोडपे माझ्याकडे आले. बरोबर मुलीची आई होती. मुलीला दीड महिना झाला होता. पुराच्या दिवसांत घरातल्या सर्वांबरोबर तिनेही डॉक्सिसायक्लिन घेतले होते. तेव्हा तिला दिवस गेल्याचे ठाऊक नव्हते. नंतर कोणीतरी सांगितले, की त्या गोळीने मूल अधू होते. आई खाली मान घालून म्हणाली, "बाई, हिला मोकळी करा. पहिलटकरीण आहे, पुढे होईल दुसरं." मुलगी काही बोलली नाही. ती पदराच्या टोकाला गाठ मारीत होती आणि सोडीत होती.

मी विचारले, "किती गोळ्या घेतल्या? कोणत्या दिवशी? पाळी कधी आली होती?" हिशेब केला. दातांची घडण सुरू व्हायला अजून कित्येक आठवडे होते. इतक्या लवकर आणि इतक्या थोड्या प्रमाणात घेतलेल्या या औषधाने मूल अधू होते, असा पुरावा नाही. मी तसे सांगितले. हेही सांगितले, की कोणतेही औषध न घेतलेल्या आयांच्याही शंभर मुलांमागे सुमारे तिघांत काही जन्मजात दोष आढळतो. त्यामुळे शंभर टक्के खात्री कोणीच, कोणालाच देऊ शकत नाही. पण या गोळीपायी गर्भ पाडण्याचे काही कारण नाही. मुलीने तेव्हा प्रथम वर पाहिले आणि विचारले, "म्हणजे ठेवू?" मी म्हटले, "ठेव."

तो मुलगा आता शाळेत जातो. एका मुलावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळते. शास्त्र आधीपासून तेच सांगत होते, त्या घरापर्यंत ते पोचले नव्हते, इतकेच.

दुसरी हकिगत माझ्या चुकीची आहे. एका सुनेला सहाव्या महिन्यात उन्हाळी लागली. लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा जावेसे वाटणे. घरात धन्या-जिऱ्याचे पाणी, वाळ्याचे पाणी झाले. मी लघवी तपासली, जंतू होते. सेफॅलेक्सिनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि "वेळच्या वेळी घे" एवढे सांगून पुढच्या बाईला आत बोलावले. बाहेर बाकावर तिच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्याशी मी एक वाक्यही बोलले नाही.

सासूबाईंची चार बाळंतपणे एकाही गोळीशिवाय झाली होती. त्यांनी ती पाकिटे डाळीच्या डब्यावर ठेवून दिली. जळजळ दोन दिवसांत थोडी कमीही झाली. सातव्या महिन्यात एका रात्री सुनेला हुडहुडी भरून ताप आला, कंबरेत कळा आल्या, उलट्या सुरू झाल्या. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले होते. इस्पितळात शिरेतून औषध द्यावे लागले, आणि मूल दिवस भरण्याआधीच झाले. एकवीस दिवस ते काचेच्या पेटीत होते. सासूबाई त्या खोलीबाहेर फरशीवर बसून असत. मला पाहून म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, मी तिच्या भल्यासाठीच ठेवून दिल्या होत्या हो." मी म्हटले, "ठाऊक आहे मला. मीच तुम्हाला सांगायला हवं होतं."

बाळ वाचले. पण तेव्हापासून गरोदर बाईला औषध लिहून दिले, की तिच्याबरोबर आलेल्या माणसाला मी आत बोलावते. आपल्याकडे गोळी बहुधा एकटी बाई घेत नसते, सारे घर मिळून घेते. घराला पटले नाही, तर ती डाळीच्या डब्यावर राहते.

श्रोतेहो, गरोदरपणी मूत्रमार्गाचा रोग पुष्कळदा जळजळ न होताही असतो. केवळ तपासणीत तो कळतो, आणि उपचार न झाल्यास त्यातूनच मूत्रपिंडाचा आजार आणि अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण उद्‌भवू शकते. लेप्टोचा आजार गरोदर स्त्रीला झाला, तर गर्भपात होऊ शकतो, मूल पोटात दगावू शकते. अशा वेळी औषधाची भीती बाळगणे म्हणजे दाराशी विस्तव असताना पाण्याच्या हंड्याला घाबरणे होय.

आपल्या बायकांची आणखी एक सवय आहे, सोसण्याची. डॉ. राणी बंग आणि त्यांचे सहकारी यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली आणि 1989 साली ती माहिती जगापुढे मांडली. त्यांतल्या शंभरी 92 स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या अवघ्या आठ होत्या. असे अंगावर काढलेले दुखणे घेऊन बाई गरोदर राहिली, तर पुढे औषध नेमके गरोदरपणातच घ्यावे लागते. म्हणून पांढरे जाणे, दुर्गंधी, ओटीपोटात दुखणे यांवरचे उपचार आधीच करून घेतलेले बरे.

भीतीची एक बाजू झाली. दुसरी बाजू सवंगपणाची आहे. सर्दी झाली, घसा धरला, की स्टेशनाजवळच्या दुकानातून "मागच्या वेळची ती लाल-काळी कॅप्सूल" आणायची. शेजारणीला लागू पडली म्हणून आपणही घ्यायची. सर्दी-पडसे विषाणूंनी होते, त्यावर प्रतिजैविकाचा काडीचा उपयोग नाही. ज्या औषधाच्या पाकिटावर लाल उभी रेघ आहे, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, हे सांगण्यासाठी सरकारने 2016 साली मोहीमही काढली होती. वाटेल तेव्हा घेतलेल्या औषधाला जंतू निर्ढावतात, आणि मग बाळंतपणात खरोखर गरज पडते तेव्हा साधे, निर्धोक औषध निकामी ठरते. तेव्हा जरा जास्त जोखमीच्या औषधाकडे वळावे लागते.

योग्य वेळी, योग्य हातून दिलेल्या औषधाने काय साधते, याचेही उदाहरण आपल्या जवळचेच आहे. भारत धरून सात देशांत 29 हजारांहून अधिक स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला, आणि 2023 साली त्याचे फळ जाहीर झाले. त्यात आपले नागपूर होते आणि बेळगावही होते. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर स्त्रीला अ‍ॅझिथ्रोमायसिनची एकच मात्रा तोंडाने दिली. ज्यांना ती दिली नव्हती, त्यांच्यात हजारी 24 जणींना जंतुदोषाने रक्त दूषित होण्याचा आजार किंवा मृत्यू आला. ज्यांना दिली, त्यांच्यात हे प्रमाण हजारी 16 वर आले. बाळांच्या बाबतीत मात्र असा लाभ दिसला नाही, हेही त्याच अहवालात प्रांजळपणे सांगितले आहे. ही मात्रा घरी आपल्या मनाने घेण्यासाठी नव्हे, हे मी वेगळे सांगायला नको.

आता घरोघरी करण्याजोग्या चार गोष्टी सांगून मी आपली रजा घेते.

पहिली. डॉक्टर असो, दुकानदार असो, दाताचा वैद्य असो, की पुरानंतर गोळ्या वाटणारी आशाताई असो, औषध हातात घेण्यापूर्वी एक वाक्य बोलायचे: "मला दिवस गेलेत," किंवा "माझी पाळी चुकली आहे." चारचौघांत बोलायला संकोच वाटला, तर आशाताईला बाजूला घेऊन सांगावे. आणि गोळ्या वाटणाऱ्यांनीही बाईच्या पोटाकडे पाहून अंदाज न करता तिला हळूच विचारावे.

दुसरी. नकळत एखादे औषध घेतले गेले, तर त्याचे पाकीट फेकू नका. ते आणि पाळीची तारीख घेऊन डॉक्टरांकडे जा. तोवर कोणताही अघोरी निर्णय घेऊ नका. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची खास मोफत तपासणी असते, तिचा लाभ घ्या. ताप, थंडी, कंबरेत कळा, अंगावरून पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काही झाले, तर मात्र 9 तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी निघायचे.

तिसरी. दिलेले औषध सांगितले तितके दिवस पुरे करा. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका, आणि उरलेले दुसऱ्यासाठी जपून ठेवू नका. त्रास झाला, तर आपल्या मनाने थांबण्याऐवजी डॉक्टरांना विचारा.

चौथी गोष्ट पुरुषांसाठी आणि सासूबाईंसाठी. तपासणीला जाताना बाईबरोबर आत जा. बाहेर बाकावर बसून राहू नका. आणि आत जाऊन विचारा, "हे औषध कशाचं? बाळाला चालतं का? नाही घेतलं तर काय होईल?" हा तिसरा प्रश्न फार थोडी माणसे विचारतात. डॉक्टर घाईत असले, माझ्यासारखे चुकणारे असले, तरी पुन्हा विचारा. त्यांनी उत्तर दिलेच पाहिजे.

पुढच्या पावसाळ्यात भातसा पुन्हा भरेल, पुन्हा कोणी गुडघाभर पाण्यातून घरी येईल, पुन्हा कोणी गोळ्यांची पिशवी घेऊन दारात उभी राहील. त्या वेळी दारातल्या बाईने आपले वाक्य बोलावे, आणि गोळ्या देणारीने आपला प्रश्न विचारावा, एवढेच माझे मागणे आहे.